'लाईट' नावाचं फोल्डर

आमच्या दुकानात पासपोर्ट फोटो आठ काढायचे, गिऱ्हाईक चार नेणार. उरलेले चार ड्रॉवरमध्ये. चाळीस वर्षांत तो ड्रॉवर उघडंना झालाय. किस्स्यांचंही तसंच. कुणी मागायला येत नाही, आणि टाकवत तर अजिबात नाही.

गंगावेशीत माझा फोटो स्टुडिओ आहे. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळला म्हणून थांबलं. जोडीला मुनीर. माझ्याच वयाचा, फोटो ब्रशनं रंगवायचे तेव्हापासून माझ्याबरोबर. सगळे फोटो कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरमध्ये होते. ते कंपनीनं बंद केलं. का, ते सांगितलं नाही. सून रेखा म्हणाली, "मामा, सगळं नव्यात न्यायला पायजे. न्हायतर एक दिवस उघडायचंच न्हाय ते."

चालू गोष्ट बंद करणाऱ्याला आपल्याकडं काय म्हणतात, ते सुनेपुढं बोलता येत नाही.

मी एकच अट घातली. बाकी निम्मं राहिलं तरी चालेल, 'लाईट' नावाचं फोल्डर आलं पाहिजे.

*

आमची सुशीला गेल्या वर्षी गेली. अर्ध्या जिल्ह्याचे हाराचे फोटो मी केले, आणि बायकोला एकदाही खुर्चीवर बसवून फोटो काढला नाही. कार्याच्या दिवशी आधार कार्डावरचा मोठा करून ठेवला. एक पाहुणा म्हणाला, "दुकान फोटूचंच हाय नव्हं तुमचं?"

तसे तिचे फोटो होते. घर दुकानाच्या मागंच. गिऱ्हाईक यायच्या आधी हाक मारायचो, ती येऊन पडद्यापुढं उभी राहायची, मी लाईट लावून बघायचो. कधी हाताला पीठ, कधी डोक्याला टॉवेल. "आवं लौकर उरका, आमटी लागंल." हेच तिचं स्माईल. ते सगळे फोटो 'लाईट'मध्ये. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला त्यातला एक निवडायचा होता. रोज सकाळी वीस-पंचवीस बघायचो. ठरत नव्हतं.

रेखानं चार दिवस बसून सगळा माल नव्यात हलवला. 'लाईट' अख्खं आलं. आणि जुनं मशीन जे बंद पडलं, ते पडलंच.

*

नवं सॉफ्टवेअर फोटो नावानं लावत नाही, तारखेनं लावतं. जुन्या कॅमेऱ्यात मी तारीख कधी भरलीच नव्हती. बॅटरी काढली की तो आपला परत एक जानेवारीवर, तेही तो कॅमेरा बनला त्या सालच्या. त्यामुळं पंधरा वर्षांत काढलेली सगळी लग्नं एकाच दिवशी लागली.

कळंब्याची एक पोरगी आली. नवऱ्यापासून सोडचिठ्ठी पाहिजे, कोर्टात लग्नाचा फोटो लागतोय म्हणाली. अर्धा दिवस शोधला तेव्हा सापडला. खालची तारीख बघितली तर त्या साली ती पाच वर्षांची! मी म्हटलं, पोरी, तारीख चुकलीय, बदलून देतो.

"ऱ्हाऊ दे मामा. पाच वर्साची हुते म्हटल्यावर लगीनच खोटं. वकिलाचं काम वाचलं."

*

आणि हे सॉफ्टवेअर तोंडं ओळखतं. एकदा नाव दिलं की त्या माणसाचे सगळे फोटो गोळा करून पुढं ठेवतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखानदाराची साठी होती. कामगारांना चौकात शुभेच्छांचा बॅनर लावायचा होता. मशीननं फोटो दिला, मी छापला. तो त्याच्या बापाचा होता. बाप जाऊन पंधरा वर्षं झालेली. नाक तेच, मिशा त्याच. कामगारांना कळलं नाही, खुद्द कारखानदारालाही कळलं नाही. उलट जो तो म्हणतोय, साहेब झकास दिसत्यात.

दोन दिवसांनी त्याची म्हातारी आई रिक्षातनं त्या चौकातनं चालली होती. रिक्षा थांबवली, खाली उतरली, डोक्यावर पदर घेतला आणि बॅनरला म्हणाली, "आलासा व्हय? मग घरला न्हाय यायचं आदी?"

*

आता मुनीर. मशीननं काहीही विचारलं, स्क्रीनवर प्रश्नाची चौकट आली, की मुनीर 'व्हय'चं बटण दाबतो. इंग्रजी त्याला येत नाही, मलाही येत नाही. पण मी रेखाला हाक मारतो. तो दाबून मोकळा होतो.

"न्हाय म्हटलं तर ते अडून बसतंय, अण्णा. व्हय म्हटलं की गप हुतंय." घरातही तो असंच करतो, म्हणून त्याचा संसार टिकला.

गारगोटीच्या एका लग्नाचा अल्बम चालला होता. मशीननं विचारलं, चेहऱ्यावरचे डाग काढू का? मुनीरनं व्हय दाबलं. मशीननं मुरुमं काढली, तीळ काढले आणि लग्नातल्या समद्या बायकांच्या कपाळावरची कुंकवं काढली. त्याला काय, डाग म्हणजे डाग. अल्बम तसाच छापून, बांधून गेला.

चौथ्या दिवशी नवऱ्या मुलाचा बाप अल्बम काखेत मारून दुकानात हजर. आपल्या बायकोच्या फोटोवर बोट ठेवलं आणि मुनीरला म्हणाला, "पावणं, नीट बघा माज्याकडं. मी जित्ता हाय नव्हं?"

मुनीर सवयीनं म्हणाला, "व्हय."

*

या सॉफ्टवेअरला एकसारखे फोटो खपत नाहीत. 'लाईट' नव्यात आल्यापासून रोज सकाळी एक चौकट यायला लागली. रेखानं वाचून दाखवली. हे सगळे फोटो सारखेच आहेत, सगळ्यात चांगला एक ठेवून बाकीचे काढू का? तोच पडदा, तीच बाई, तीच जागा. मशीनचं तरी काय चुकलं?

मी विचारलं, चांगला म्हणजे कुठला? तिनं मोठा करून दाखवला. सुशीलेनं तोंडापुढं पांढरा कागद धरलाय. रंग बरोबर येतोय का बघायला मी तिला तो धरायला लावायचो. लाईट एकदम करेक्ट. तोंड कागदामागं.

"मामा, ह्यात आत्ती दिसतच न्हाईत की."

मी 'न्हाय' दाबलं. दुसऱ्या दिवशी चौकट परत आली. रोज शटर वर केलं की चौकट, रोज मी 'न्हाय'. मग चहा.

गेल्या महिन्यात गारगोटीला गेलतो. कुंकवं परत लावलेला अल्बम पोचवायचा होता. दुकानात मुनीर एकटाच. संध्याकाळी आलो तर गडी खुशीत होता.

"अण्णा, ती चौकट रोज तरास देत हुती नव्हं तुमास्नी? घालवली एकदाची. मागनं आनि एक आली, कचऱ्याच्या बादलीचं चित्र हुतं. तिलाबी व्हय म्हटलं."

वर्षश्राद्ध रविवारी झालं. उरलेल्या एका फोटोची फ्रेम मोठी केली, हार मोगऱ्याचा घातला. पाहुणे फोटोपुढं उभे राहायचे आणि एकमेकांकडं बघायचे. मुनीर सगळ्यात शेवटी आला. टोपी नीट केली, फोटोपुढं उभा राहिला.

"लाईट मातर बराबर पडलाय, अण्णा."

मी म्हटलं, "व्हय."