यानावहिनीचं ‘चेकाम’

कुवेतच्या राई भागातल्या माझ्या ऑफिसात दुपारी दादाचा फोन आला. “याना गेली,” एवढंच म्हणाला. सकाळीच तिच्या उशाशी बसून मी कामावर आले होते...

वहिनी चेक. कुवेतला फिजिओथेरपिस्ट म्हणून आलेली. तिथेच नोकरीला असलेल्या दादाची पाठ धरली, त्यातून ओळख आणि मग लग्न. पहिल्यांदा नाशिकला आली तेव्हा कुणीतरी विचारलं, “कुठली गं तू?” ती म्हणाली, “मी चेक.” काका लगेच म्हणाले, “वटला म्हणजे झालं,” आणि सगळं घर हसलं. तीही हसली. पुढे बँकेचा चेक असो की चौकड्यांचा शर्ट, तो शब्द निघाला की सगळे तिच्याकडे बघायचे. एकदा स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, “नीता, आमच्या भाषेत मी चेक नाही. बाईला चेश्का म्हणतात.” मी “हो का?” म्हणाले आणि भाकरी उलटली.

तिने मात्र मराठी अशी उचलली की आईशी फोनवर लोणच्याच्या खाराबद्दल अर्धा अर्धा तास बोलायची. मीरा झाली तेव्हा तिच्याशी ती स्वतःच्या भाषेत बोलू लागली. मीच म्हणाले, “वहिनी, मराठी, इंग्रजी, त्यात हे... पोर गोंधळेल.” “बरं,” ती म्हणाली. त्यानंतर त्या घरात तिची भाषा मी कधी ऐकली नाही.

ऐकली ती थेट हॉस्पिटलात. मागच्या वर्षी मेंदूत गाठ निघाली. आधी तिचं इंग्रजी गेलं, मग मराठी. शेवटच्या आठवड्यात उरली ती फक्त तिची भाषा, आणि ती कळणारं खोलीत कुणीच नव्हतं. पोटची पोरसुद्धा नाही. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत ती म्हणायची, “चेकाम... चेकाम.” दादाला वाटलं, आपण चेक आहोत असं सांगतेय. मला वाटलं, तपासा म्हणतेय. मी नर्सला बोलावलं, तर ती म्हणाली, “अभी तो चेक किया, मॅडम.” मीरा विचारत राहिली, “व्हॉट इज शी सेइंग, आत्या?” आम्ही वहिनीचा हात धरून नुसतं “हो, हो” म्हणत राहिलो. तिच्या बहिणीला फोन लावून विचारावं, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी त्या बहिणीचाच व्हिडिओ कॉल आला. मीराने तो शब्द विचारला. मावशी इंग्रजीत म्हणाली, “मी वाट बघतेय, असा त्याचा अर्थ.”

कुणाची, कशाची... आता कुणाला विचारणार? मीराने विचारलं, “आम्ही काय म्हणायला हवं होतं?”

“सेम तदी,” मावशी म्हणाली. “मी इथे आहे.”

हल्ली मीरा शाळेतून आली की आईच्या रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून ते दोन शब्द म्हणते. उच्चार बरोबर आहे की नाही, हे सांगणारं कुवेतच्या रिग्गई भागातल्या दादाच्या त्या घरात कुणी नाही.