कारंज्यात बांबू उभा राहत नाय

ये गं, अशी जवळ सरक. इतक्या दिवसांनी मावशीकडं आलीस आणि डोकं फोनमध्येच? ठेव तो बाजूला. तुझ्या शाळेतल्या पोरांकडून बागेचं डिझाइन करून घेणार म्हणतेस ना, मग आधी आमच्या कारंज्याचं ऐक.

तेव्हा मी औरंगपुऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करायची. म्हणजे सरांनी हातानं काढलेलं वेडंवाकडं चित्र मापात बसवायचं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाय, बघून बघून शिकले. एका कॉलनीच्या ओपन स्पेसचं काम आलं. प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते, ती ओपन स्पेस. नगरसेवक भाऊंना तिथं मधोमध रंगीत कारंजं पाहिजे होतं. कॉलनीत नळाला पाणी आलं की लोक सणासारखे धावायचे, पण कारंजं पाहिजेच.

नकाशा झाला, भाऊंनी पसंतही केला. मग वरून फर्मान आलं: डिझाइनमध्ये मुलांचा सहभाग दिसला पाहिजे.

"दिसलाच पाहिजे ना? फोटो काढू," सर म्हणाले.

पोरांना बोलावलं. रंगपेट्या, वेफर्स, डोक्यावर कागदी टोप्या.

"मुलांनो, मोकळेपणानं कल्पना करा," सर म्हणाले. "फक्त कारंजं मध्येच ठेवा."

पोरांनी कारंजी काढली. एकानं त्यात मगर सोडली. खो-खोच्या पोरींनी मात्र दोन खांब काढले आणि बाकी कागद कोरा. त्यांचा सराव त्याच जागेवर चालायचा. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आलेली, आणि जवळपास दुसरं मैदान नाय.

"हे अर्धवट आहे," सर म्हणाले.

"पूरा है सर," त्यांची कॅप्टन शबाना म्हणाली. "हमको यहीच होना. मोकळं."

"अगं, मोकळं ठेवायला डिझाइन कशाला लागतं?"

"तेच म्हणतोय ना आम्ही!"

मी सरांना हळूच म्हटलं, "कारंजं कोपऱ्यात सरकवू. लई काम नाय त्याचं."

"आणि भाऊंना कोण सांगणार? तुम्ही?"

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

तेवढ्यात भाऊच आले. चित्रं बघून खूश. मगरवाल्याला पहिलं बक्षीस दिलं. तशी शबाना पुढं झाली.

"भाऊ, उद्घाटनाचा मांडव कुठं टाकायचा? माझ्या मामूचं मंडप डेकोरेशन आहे. कारंज्यात बांबू उभा राहत नाय."

भाऊंचं हसू मावळलं. "व्हय की. सर, स्टेज कुठंय यात? खुर्च्या?"

सरांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "कारंज्याच्या... पलीकडं बसवू लोकांना."

"म्हणजे माझं भाषण लोकांनी पाण्याच्या आडून बघायचं?"

मी पेन्सिल पुढं केली. कारंजं तिथल्या तिथं कोपऱ्यात गेलं. मधल्या मोकळ्या जागेवर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सभामंडपासाठी राखीव'.

उद्घाटन दणक्यात झालं. टँकरच्या पाण्यावर कारंजं उडालं. त्यानंतर आजतागायत कोरडंच आहे. "ही बाग मुलांनी घडवली," असं भाऊ माईकवर म्हणाले. खरं बोलून गेले बिचारे, त्यांना कुठं ठाऊक! दुसऱ्या दिवशी मांडव निघाला आणि पोरींनी खांब रोवले.

मी एवढंच शिकले बाई: पोरांसाठी जागा राखायची असेल तर पोरांचं नाव काढू नये, मोठ्यांच्या खुर्च्यांचं काढावं.

आता तुझ्या शाळेतल्या पोरांची वरात घेऊनच ये एकदा इकडं. मैदान दाखवते, सगळ्यांना पोहे करते. पण लवकर ये गं, असा उशीर नको लावू.