ढकलपास रोल

अंधारातच फोटो काढायचे तर सरळ कमी उजेडात चालणारी फास्ट फिल्म का आणत नाहीस, असं लोक मला विचारायचे. नव्वदच्या दशकात औंढ्याजवळच्या खेड्यात राहून स्लाइडचे फोटो काढणाऱ्याला हे विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. चारशेचा, म्हणजे फास्ट, स्लाइड रोल एकदा मुंबईहून मागवलाही होता. भिंतीवर चित्र मोठं केलं तर माणसाच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे. त्यापेक्षा मी बारीक दाण्यांचा शंभराचाच रोल घालायचो, तो चारशेचा आहे असं कॅमेऱ्याला बिनदिक्कत खोटं सांगायचो आणि लॅबवाल्याला कळवायचो, रोल रसायनात जास्त वेळ ठेवा. याला पुश करणं म्हणतात. मी ढकलपास म्हणायचो. कच्चं पोरगं मास्तरांनी वरच्या वर्गात ढकलावं, तसा रोल ढकलायचा.

माझे वडील घोंगडी विणायचे. खड्ड्याचा माग, एकच खिडकी, काळी लोकर. काळ्या घोंगड्यात ते गडद तपकिरी लोकरीचा पट्टा घालत. काळ्यात तपकिरी असा, की जवळ गेल्याशिवाय कळू नये. त्याचा त्यांना भारी ताठा होता. मग काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरली किती, ते बाबांना स्वतःलाच कळेना.

"डोळ्यानं इनतो का बोटानं, ह्येच समजंना गेलंय," ते एकदा म्हणाले. "तू माझा फोटू काढ आन् भितीवर मोठा करून दाव. फोटूला हात लावून काय कळणार न्हाई. त्यात पट्टा दिसला तर इनीन, न्हाई तर माग बंद."

मला हे मुळीच आवडलं नव्हतं. पण बाबा एकदा बोलले की बोलले. फ्लॅश मारला असता तर त्यांच्या डोळ्यांपुढे बराच वेळ अंधारी आली असती. फास्ट फिल्मच्या दाण्यांत तर तो पट्टा धडधाकट माणसालाही सापडला नसता. म्हणून शंभराचा रोल घातला, खिडकीच्या उजेडात बाबांना विणताना टिपलं आणि रोल ढकलायला पाठवून दिला.

स्लाइडा आल्या. मी बाबांना भिंतीसमोर बसवलं, दार-खिडकी लावली आणि प्रोजेक्टर सुरू केला. बाबांचा चेहरा लख्ख, धोटा सरकवणारी बोटं लख्ख आणि मांडीपुढे घोंगड्याच्या जागी सगळं डांबर. रोल ढकलला की उजळ ते आणखी उजळतं, पण जिथे उजेड पोचलाच नाही तिथे काहीच उमटत नाही. हे मला ठाऊक होतं. तपकिरी लोकर एवढी अंधारात आहे, हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

"मी हाय, व्हय," बाबा म्हणाले. "हात हायेत. पट्टा कुठंय?"

"बाबा, मलाबी दिसत न्हाई. फोटूतच काळा झालाय त्यो."

"कशाला खोटं बोलतुयास?"

मी आईला बोलावलं. ती भिंतीला नाक लावून बघून आली आणि म्हणाली, "न्हाई वो, नुसतं काळंच हाय."

बाबा हसले. ते हसणं मला अजून सोसत नाही. "दोघं मिळून म्हाताऱ्याची समजूत काढा."

मी तडक खिडकी उघडली, मागावरचं घोंगडं उजेडाकडे ओढलं आणि म्हटलं, आता बघा. त्यांनी बघण्याआधीच हात फिरवला. बोट बरोबर पट्ट्यावर थांबलं.

"बोटाला कळतंय की," ते म्हणाले. "मी काय इचारलं हुतं तुला, डोळ्यानं का बोटानं?"

मी रसायन, उजेड, रोल असं काय काय सांगत सुटलो. ते ऐकतही होते. मग त्यांनी आईकडून विळा मागून घेतला आणि अर्धं विणलेलं घोंगडं मागावरून कापून काढलं.