छातीवरची गोणी

“काका, हे पित्त नाही. मावशींना हार्ट अटॅक आलाय, आणि तो अजून थांबलेला नाही.”

कागदाची लांब पट्टी हातात धरून डॉक्टरबाईंनी हे सांगितले. माझी पत्नी अनुसया स्ट्रेचरवरून माझ्याकडे पाहत होती, आणि मला एकही वाक्य सुचत नव्हते. असा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला असेल.

मी नाशिकच्या कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहिणारा. टाइपरायटर अद्याप मोडीत निघाले नव्हते, त्या काळातील ही हकिकत आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यात फेरफार करावा असे वकिलांनाही सहसा वाटत नसे. ज्यांच्या घरी असे संकट उद्भवेल त्यांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हे लिहीत आहे.

त्या सकाळी अनुसया पंचवटीतून भाजी घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली. पदर घामाने भिजला होता. “अहो, छातीवर कांद्याची गोणी टाकल्यावानी वाटतंय,” ती म्हणाली. तिचे माहेर लासलगावकडचे, त्यामुळे तिला उपमाही तिकडचीच सुचली. आदल्या दिवशी झणझणीत मिसळ झाली होती, म्हणून मी लिंबू-सोडा दिला. उतार पडेना, तेव्हा रिक्षाने एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या रुग्णांच्या विभागात, नेले.

खिडकीवरील सिस्टरांनी विचारले, “काय होतंय?”

अनुसयाने तोंड उघडले. मी तिला हाताने थांबवले. आमच्या व्यवसायात पक्षकाराचे रडगाणे वगळून मुद्दा तेवढा मांडावा लागतो. कांद्याच्या गोण्या अर्जात शोभत नाहीत. मी म्हणालो, “भोजनोत्तर पित्तप्रकोपामुळे किंचित अस्वस्थता आहे. बाकी प्रकृती समाधानकारक.”

सिस्टरांनी ‘पित्त’ एवढेच लिहून घेतले आणि बाकाकडे बोट दाखवले.

आमच्यामागून आलेले रुग्ण आत जाऊ लागले. विंचू चावलेली बाई गेली, मोटारसायकलवरून पडलेला तरुण गेला. मी पुन्हा खिडकीशी जाऊन क्रमाचे तत्त्व विशद केले आणि लेखी तक्रारीचा इशारा दिला. यंत्रात बोट सापडलेले एक गृहस्थ रक्ताळलेला रुमाल धरून मागे उभे होते. ते म्हणाले, “वकीलसाहेब, भाषण झालं आसंल तर माझं बोट बघू द्या की त्यांना.”

सगळा बाक हसला. अनुसया हसली नाही.

माझी फजिती झाली की सर्वांत आधी हसणारी ती. मी वळून पाहिले, तर ती दोन्ही हातांनी जबडा धरून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. परवानगी न विचारता मी पडदा सारून डॉक्टरबाईंना बाहेर बोलावले आणि सवयीने पुन्हा सुरुवात केली, “रुग्णास भोजनोत्तर…”

“काका, दुखतंय तुम्हाला की मावशींना?” त्या खाली वाकल्या. “मावशी, तुम्ही सांगा.”

“गोणी हाय छातीवर,” अनुसया म्हणाली. “सकाळधरनं. हात लय जड झालेत. जबडा आवळतोय.”

डॉक्टरबाईंनी पुढचे ऐकून घेतले नाही. स्ट्रेचर आले. ईसीजी, म्हणजे हृदयातील विजेचा आलेख, काढला गेला. पट्टीवरील रेघ डोंगरासारखी वर चढून तिथेच अडकली होती. हृदयाला रक्त पोचवणारी एक नळी गुठळीने बंद झाली होती. स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध, थेंबाथेंबाने शिरेत सोडण्यात आले.

“गोणीचं खिडकीवरच सांगितलं असतं,” डॉक्टरबाई सलाईनकडे पाहत म्हणाल्या, “तर तुम्हाला बाकावर बसावंच लागलं नसतं.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता.

मी हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरील हिरव्या रेघेकडे पाहत उभा राहिलो. ती उसळे, खाली येई, पुन्हा उसळे. आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून हे हृदय असे चालत होते. त्याने कोणाकडे अर्ज केला नाही, सवलत मागितली नाही. प्रथमच त्याने तक्रार केली ती तिच्या तोंडून, तिच्या शब्दांत. आणि मी ती सुधारून घेतली. देवळात इतक्या वेळा हात जोडले, पण त्या रेघेसमोर ते आपोआप जोडले गेले.

दुपारनंतर काढलेल्या नव्या पट्टीवर रेघेचा डोंगर उतरू लागला. पुढे काही दिवसांनी अनुसया घरी आली. त्या डॉक्टरबाईंचे ऋण मी कोणत्याही मसुद्यात बसवू शकलेलो नाही. वाचकांस एवढीच विनंती, की खिडकीवर रुग्णाला स्वतः बोलू द्यावे. त्यानंतर माझ्या टेबलाशी आलेला मनुष्य पूर्ण बोलून थांबेपर्यंत मी टाइपरायटरवर कागद चढवला नाही.

तपासणीस पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारले, “आता कसं वाटतंय?” माझे वाक्य तयार होते. अनुसयाने माझ्याकडे पाहिले. मी ते गिळले.

“गोणी उतरली,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून हसली.