एक तरी प्रश्न विचारा

"राहू द्या हो मॅडम, तत्त्वज्ञान आम्ही रोजच ऐकतो. तुम्ही तुमची गोष्ट सांगा."

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतले हे पहिले वाक्य. बाहेरगावाहून आलेले परीक्षक खुर्चीत मागे रेलले होते. पुढ्यात काजूची बशी. सरबताचा पेला त्यांनी माझ्या प्रबंधावर ठेवला होता. काळ्या कापडी बांधणीवर पेल्याच्या बुडाचे ओले वर्तुळ उमटत होते आणि मी त्याच्याकडे पाहत उभी होते.

कोणती गोष्ट, ते मला समजेना. त्यांनीच उलगडून सांगितले. "म्हणजे कुठून कुठे आलात! आई शेतमजुरी करायची ना तुमची? ते सांगा. विषय काय, तुम्हाला घरचाच."

माझा विषय होता, बौद्ध तर्कपरंपरेने शब्दप्रमाण का नाकारले. एखादी गोष्ट केवळ थोराने सांगितली म्हणून खरी का मानायची नाही. घरचाच! गडमुडशिंगीच्या आमच्या घरात बुद्धवंदना होती, तर्कशास्त्र नव्हते. आईला अक्षर येत नव्हते. चौतिसाव्या वर्षी मी संस्कृतची पहिली विभक्ती चपात्या लाटताना पाठ केली. मी शिकवत होते त्या अकरावीच्या वर्गातली मुले तेव्हा माझ्याहून चांगले संस्कृत वाचत होती.

माझे मार्गदर्शक सर शेजारी बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले. "सांगा, सांगा. सरांना पन्हाळा बघून रात्रीची गाडी गाठायचीय."

हा आमच्याकडचा रिवाजच. परीक्षक येतात, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा होतो, मग गाडी पन्हाळ्याला जाते. या दोहोंच्या आधी कुठेतरी परीक्षा उरकायची. जेवण मीच सांगितले होते. गाडीही मीच ठरवली होती. रिवाजाबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या उरकायच्या तासाची मात्र मी कित्येक वर्षे वाट पाहिली होती.

कारण माझ्या चौथ्या प्रकरणात एक भगदाड होते. ते मला दिसत होते आणि बुजवता येत नव्हते. कुणाच्याही शब्दावर विसंबू नका, असे ज्यांनी आम्हाला शिकवले, त्यांचा हा शब्द तरी आम्ही कशाच्या आधारावर घेतला? मी बरीच पाने लिहिली होती, पण उत्तर दिले नव्हते. प्रश्नाला वळसा घातला होता. परीक्षकांचे बोट नेमके तिथे पडेल, अशी मला भीती वाटत होती. भीतीपेक्षा आशाच जास्त. माझ्याहून मोठा माणूस मला अडवील, मी अडखळेन, आणि मग दोघांना मिळून काहीतरी दिसेल. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईला असा माणूस रोज भेटत नाही.

पण मी गोष्ट सांगितली. हे लपवणार नाही. वर्गाबाहेर माझा आवाज निघत नाही. एसटी थांबवायची असेल तरी शेजारच्या बाईला सांगते. मोठ्या माणसाने सांग म्हटले की सांगायचे, ही सवय हाडात. आईची भांगलण-खुरपणी सांगितली. तिच्या बोटांतल्या भेगा सांगितल्या. खोलीत च्च् च्च् झाले. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

मागच्या रांगेत माझा थोरला भाऊ बसला होता. फाउंड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला.

"हे बंधू का? काय करता आपण?"

दादा हात जोडून उठला. "फौंड्रीत हाय साहेब."

"वा! भाऊ फाउंड्रीत आणि बहीण डॉक्टर! ऐकलंत? याला म्हणतात परिवर्तन."

टाळ्या. दादाही वाजवत होता. त्याचा चेहरा फुलला होता. ते मला सर्वांत जास्त लागले.

त्या टाळ्यांत मला स्वच्छ कळले. इथे माझ्या आईचे हाल उत्तीर्ण झाले होते. माझा विचार परीक्षेला बसलाच नव्हता.

"सर, प्रबंधावर एक तरी प्रश्न विचारा."

कुणालाच ऐकू गेले नाही. खुर्च्या सरकत होत्या. मी पुन्हा म्हणाले. या वेळी जरा मोठ्याने. माझाच आवाज मला परका वाटला.

परीक्षक हसले. "अहो, सगळं मान्य आहे. शिफारस लिहूनच आणलीय मी."

"चौथ्या प्रकरणातलं मान्य आहे?"

"सगळंच."

"त्यात मी शेवटी उत्तर दिलेलं नाही, सर. मग काय मान्य केलंत?"

त्यांनी पेला उचलला. प्रबंध उघडला. पाने कडेला एकमेकांना चिकटलेली होती, बांधणीवाल्याकडून आली तशीच. ती सुटताना बारीक करकर आवाज झाला.

मार्गदर्शक सर घाईने म्हणाले, "नर्व्हस झाल्यात त्या, सर. बाई, बसा तुम्ही."

मी बसले नाही. टेबल धरून उभी राहिले.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मी कौतुक करायला आलो होतो. तुम्ही माझीच परीक्षा घ्यायला निघालात. ठीक आहे. मग नियमानेच होऊ दे." त्यांनी लिहून आणलेला अहवाल बाहेर काढला, आधीचा शेरा खोडला आणि लिहिले: विवेचन अपुरे, पुनर्लेखन करून पुन्हा सादर करावे.

अपुरे होतेच. पण ते त्यांना माझ्याकडून कळले होते.

गाडी पन्हाळ्याला गेली. मी आणि दादा फाटकापर्यंत चालत आलो. तिथे तो थांबला.

"आगं, गप बसायचं की! मिळत हुती डिगरी. घरात येऊन मग म्हणायचं हुतंस, परीक्षक गाढव हाय. मी बी म्हटलं असतं."

"त्यानं वाचलंच नव्हतं, दादा."

"न वाचता पास करतोय म्हंजे चांगलाच माणूस की! फौंड्रीत मला कोण काय इचारतंय? आयुष्यभर कुणी इचारलं न्हाय. म्हणून पगार सोडू व्हय?"

त्याचे म्हणणे त्या सगळ्या खोलीपेक्षा खरे होते. त्याला कधी कुणी काही विचारले नव्हते, आणि आता ते त्याला खुपतही नव्हते.

पुढे काही चांगले घडले नाही. महाविद्यालयात बातमी माझ्याआधी पोहोचली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणाले, "शहाणपणा नडला." दोन हजार सालानंतर मुले तर्कशास्त्र घेईनाशी झाली. उरलेली म्हणत, "मॅडम, पेपरात येणार तेवढंच सांगा." संस्थेच्या अध्यक्षांनी भर बैठकीत विचारले, "तर्कानं पोट भरतंय काय, बाई?" सगळे हसले. विषय बंद झाला. चौथ्या प्रकरणाचे भगदाड अजून तसेच आहे. मी एकटी त्याच्याशी झुंजते. बुजत नाही. कधी कधी वाटते, माझ्या बुद्धीची धावच तेवढी असेल. तेही मला कुणी सांगितले नाही.

मागच्या महिन्यात मार्गदर्शक सरांचा फोन आला. ते आता निवृत्त आहेत, मनाने वाईट नाहीत. "प्रबंध आहे तसाच पुन्हा सादर करा. नवे परीक्षक भले आहेत. तुमच्याबद्दल बोललोय मी. भारावून गेले. आईचं वगैरे थोडं सांगा, दहा मिनिटांत होईल. पेन्शनला फरक पडतो, बाई. कळवू ना?"

"ते प्रबंध वाचणार आहेत का, सर?"

"तुम्ही काही सुधारणार नाही," ते म्हणाले.

"मग कळवू नका."

मी फोन ठेवला. आता ठरले आहे. आईचे कष्ट मी कुठल्याही टेबलावर मांडणार नाही. माझी गोष्ट मागायला येईल त्याला मी चौथे प्रकरण देईन. वाचून भांडायला आला, तर त्याला दार उघडे आहे. न वाचता हार घेऊन आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवीन.