गिअरबॉक्सचं गाऱ्हाणं

आधी नाव घेतो ते भिकूदादांचं. रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या बागेचे ते राखणदार. मी अर्ध्यात शाळा सोडलेला, वाशीमकडचा मेकॅनिक. ते नसते तर मी आज पुण्याच्या गॅरेजात कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो, देव जाणे. आता काय झालं ते सांगतो.

आमच्या वस्तादांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि रत्नागिरीचं काम माझ्या एकट्यावर आलं. काम असं की, शालिनीकाकूंकडे एक जुनी विलायती मोटार आहे. त्यांच्या यजमानांनी तरुणपणी मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात घेतलेली. स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे पायाशी क्लच नाहीच. काकू तिच्यावरच गाडी शिकल्या, दुसरी कधी चालवली नाही. यजमान गेले, मागून गिअरबॉक्सही गेला. त्या जातीचा आता मिळत नाही, म्हणून वस्तादांनी दुसऱ्या गाडीचा ऑटोमॅटिक बॉक्स शोधला आणि इंजिनाला जोडायची प्लेट लेथवर करून घेतली. तोही एकच. फुटला तर दुसरा नाही.

पिकअपमध्ये मागे बॉक्स बांधला आणि मीही मागेच बसलो. साताऱ्यावरून कोयना, मग कुंभार्ली घाट. प्रत्येक वळणाला मी दोन्ही पाय बॉक्सला टेकवून धरत होतो, जसं लहानपणी बैलगाडीत बी-बियाण्याच्या पोत्याला धरायचो. अलोऱ्याला चहाला थांबलो तेव्हा पाहिलं, बॉक्सच्या तोंडावरचा कन्व्हर्टर बांधलेली तार ढिली झाली होती. कन्व्हर्टर म्हणजे भोपळ्याएवढा गोल लोखंडी डबा, तेलाने भरलेला. क्लचचं काम हाच करतो. मी तो हाताने आत दाबला, तार पुन्हा पिळली, चहा प्यालो. कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतल्या ओळीने उभ्या चाळी बघून मला आमच्या गावाजवळच्या धरणाची वसाहत आठवली. तिथल्याच शाळेत मी आठवीपर्यंत होतो.

रत्नागिरी आली ती सड्यावरून (सडा म्हणजे काळ्या-तांबड्या कातळाचं उघडं पठार). एकाएकी उतार लागला, खाली समुद्र. राजेहो, आपल्याकडे नजर जाते तिथे जमीनच संपते का कधी?

काकूंचं घर चिऱ्याचं (जांभा दगड कापून केलेल्या विटांचं), मागे कलमांची बाग, सगळी मोहोरलेली. गाडी मांगरात (बागेतल्या शेडीत) होती. काकूंनी तिच्यावरची चादर काढली तेव्हा आतून नॅप्थॅलीनचा वास आला, ठेवणीतल्या शालूला येतो तसा. मागच्या सीटवर अजून यजमानांची छत्री होती.

काकूंनी पहिल्याच जेवणात सगळं सांगून टाकलं. मुलगा, मिलिंद, मुंबईला असतो. त्याला गाडीचं गिऱ्हाईक मिळालं होतं. रविवारी तो येणार. तोवर गाडी आपल्या पायाने चालली तर राहील, नाहीतर जाईल.
"मला काही रोज फिरायचं नाही रे," त्या म्हणाल्या. "चैत्रात माहेरच्या देवीला केळशीला जायचं, आपली आपण. इतकंच."

कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. वर पुन्हा भात. मी ताटात काहीतरी शोधतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून तांदळाची भाकरी सुरू झाली. पांढरीशुभ्र, मऊ. आईच्या ज्वारीच्या भाकरीसारखी नव्हती, पण भाकरी होती. मी तीन खाल्ल्या.

मदतीला भिकूदादा. साठीचे, आतल्या गावचे शेतकरी, तरुणपणी मुंबईत हॉटेलात काम करून परत आलेले. मला ते 'घाटावरचे पावणे' म्हणत. मी सांगितलं, दादा, मी घाटावरचा नाही, वऱ्हाडातला. त्यांनी विचारलं, ते घाट चढून जायचं का उतरून? चढून, म्हणालो. "मग घाटावरचेच की." विषय संपला.

चिऱ्यांचे थर रचून गाडी उचलली. जुना बॉक्स उतरवला, मागचा लांब शाफ्ट शहरातल्या लेथवाल्याकडून आखूड करून आणला, बॉक्स ज्यावर टेकतो तो खालचा आडवा पाट नव्या जागी बसवला. शनिवारी दुपारी बॉक्स जॅकवर चढवून इंजिनाला भिडवला. भिडला, पण पुरता नाही. मध्ये बोटभर फट राहिली. क्लचच्या गाडीत अशा वेळी आम्ही बोल्ट घालतो आणि आळीपाळीने आवळत जातो. बॉक्स आपोआप जागेवर ओढला जातो. हाताला तीच सवय. मी बोल्ट घातले आणि पाना लावला.

"थांबा," भिकूदादा म्हणाले. "गाऱ्हाणं नाय घातलं अजून."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला उभ्याने, मोठ्यानं सांगणं. इकडे विहीर खणायची असो की होडी पाण्यात लोटायची असो, त्याशिवाय कामाला हात घालत नाहीत. उद्या मिलिंद येणार, ऊन कलायला लागलेलं. मला राग आला. म्हटलं, तुम्ही घाला, मी खालून ऐकतो.

"हातात लोखंड घेऊन ऐकतात? बाहेर या. हात धुवा."

काकू नारळ घेऊन आल्याच होत्या. मी पाना टाकला, हात धुतले आणि दाराशी उभा राहिलो. भिकूदादांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरची सून माहेरच्या वाटेला लागू बघतेय. हा पोर घाट उतरून आलाय, आई-बापापासून लांब. त्याच्या हातून काय चूकमाक झाली असंल, होत असंल, ती पोटात घाल आणि त्याला यश दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काकू म्हणाल्या. मलाही म्हणावं लागलं, पण आवाज नीट फुटला नाही. माझ्यासाठी असं कुणी उभ्याने मागितलेलं मला आठवत नव्हतं.

मान खाली घातली ती थेट गाडीखाली नजर गेली. मांगराच्या कुडाच्या भिंतीतून उन्हाची तिरीप आली होती आणि इंजिन-बॉक्समधल्या त्या फटीतून आरपार दिसत होती. खाली झोपून कामाच्या भरात ती नुसती फट होती. इथून ती पाहिली आणि अलोऱ्याची ढिली तार आठवली. वस्तादांनी बजावलं होतं, कन्व्हर्टर बॉक्समधल्या तेलाच्या पंपाच्या दात्यांत पुरता बसला पाहिजे, फिरवत दाबला की तीनदा टक् वाजतं. बोल्टाने ओढशील तर पंप फुटेल. पुण्यात त्यांनी तो बसवूनच दिला होता. घाटात तो पुढे सरकला, आणि मी नुसता दाबून, तार पिळून चहा प्यालो होतो.

काकूंना म्हणालो, बॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, चूक माझी आहे. "आधी खोबरं खा," म्हणाल्या आणि प्रसाद हातावर ठेवला.

बॉक्स उतरवला. मी कन्व्हर्टर फिरवत दाबत होतो, भिकूदादा कान लावून बसले होते. टक्. मग टक्. तिसरा काही केल्या येईना. घामाने हात निसटत होते. अखेर आला, आणि डबा दोन बोटं आत गेला. पुन्हा चढवला तेव्हा बॉक्स इंजिनाला नुसत्या हाताने चिकटला. फट नाही, ऊन नाही.

रविवारी मिलिंद आला. नवा बॉक्स गिअरच्या जुन्या दांड्याशी एक घर पुढे-मागे होत होता, ते जुळवण्यात माझी सकाळ गेली होती. काकू नऊवारी नेसून डावीकडे बसल्या, मुलाला मागे बसवलं, छत्रीशेजारी. ब्रेकवर पाय, दांडा खाली. क्षणभर काहीच नाही. मग गाडीला हलका हिसका बसला आणि ती मागे सरकत मांगराबाहेर आली, पुढे वळली आणि बागेचा चढ धापा न टाकता चढून गेली. मी आणि भिकूदादा मागून चालत सड्यावर पोचलो तर गाडी समुद्राकडे तोंड करून उभी.

मिलिंद खाली उतरला. गिऱ्हाइकाबद्दल बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो आईला एवढंच म्हणाला, "केळशीच्या रस्त्याला वळणं फार आहेत. हळू जा."

परतीला एसटीने निघालो. स्टँडवर भिकूदादा सोडायला आले होते. मी हुरड्याच्या (शेकलेल्या कोवळ्या ज्वारीच्या) गोष्टी फार सांगितल्या होत्या, तर त्यांनी शेवटी विचारलं, "तो हुरडा गोड लागतो काय हो? आमचा जन्म भातात गेला." उत्तर देईपर्यंत गाडी सुटली.

अलोऱ्याला बस थांबली, पण मी चहाला उतरलो नाही. खिडकीतून त्या चाळी बघत राहिलो. शाळा सुटली तेव्हापासून मी घाईतच होतो. कुणी मला हात धुऊन उभं राहा म्हटलं नव्हतं.

भिकूदादा, एका थंडीत मी येईन आणि तुम्हाला घाटावर नेईन. वावरात आगटीपाशी बसवीन, आई ऊन-ऊन हुरडा तुमच्या हातावर चोळून देईल. मग तुम्ही आमच्या ज्वारीसाठी उभं राहून गाऱ्हाणं घाला. 'व्हय म्हाराजा' म्हणायला आमचं अख्खं घर उभं करतो. या वेळी माझा आवाज फुटेल.