गनीभाईंनी हलवलेली मान

गनीभाई टेलरांना गावात दोन नावं होती. दुकानात बसले की गनीभाई, आणि जत्रेत तोंडाला रंग लागला की नाथबाबा. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात नाथांची जत्रा भरायची, जत्रेत गावच्या मंडळाचं नाटक व्हायचं, आणि नाटकात नाथांचं काम सलग सव्वीस वर्षं गनीभाईंनी केलं. काय तो आवाज होता. पहिलं वाक्य टाकलं की शेवटच्या रांगेतलं रडतं पोर गप्प व्हायचं. संध्याकाळची नमाज पढून माणूस आरशासमोर बसायचा, जटा चढवायचा, अंगाला पांढरी टूथपावडर फासायचा, आणि पडदा वर गेला की समोर बायका हात जोडायच्या. यात कुणाला वावगं वाटलं नाही. नाथांनाही वाटलं नसावं.

मंडळ केव्हाच मोडलं. जटा उंदरांनी नेल्या. गनीभाई चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले, पण पायमशीन अजून चालवतात आणि एक सल अजून बाळगतात.

चौतीस वर्षांपूर्वी, भर नाटकात, साळूबाई नावाची एक तरणी बाई थेट रंगमंचावर चढली. तिचा दोन वर्षांचा अंगद तापानं फणफणला होता, डोळे फिरवत होता. तिनं पोर गनीभाईंच्या पायावर घातलं आणि म्हणाली, "नाथा, याला वाचव. जलमभर पायात चप्पल घालणार न्हाई." गनीभाईंनी अंगावरची पावडर बोटानं काढून पोराच्या कपाळाला लावली आणि मान हलवली. सगळ्या गावानं ती मान पाहिली. मग कुणीतरी जीप काढली, पोराला पाथर्डीला नेलं, इंजेक्शन झालं, पोर वाचलं. तो अंगद आता शिर्डीला फुलांचा टेम्पो नेतो. साळूबाई मात्र त्या दिवसापासून अनवाणी. उन्हाळ्यात डांबर वितळलं तरी अनवाणी.

यंदा वैशाखात गनीभाईंची नात आलिया सुट्टीला आली. ती नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिनं साळूबाईचा सुजलेला पाय पाहिला, तो मांडीवर घेतला, आणि तळव्यातून बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा काढला. भोवती पू झाला होता.

"आजी, हा आठ दिवसांचा आहे. दुखलं नाही तुम्हाला?"

"न्हाई बाई. नाथ दुखू देत न्हाई. चौतीस सालाचा नेम हाय माजा."

आलियानं रक्त तपासलं. साखर तीनशे चाळीस. तिनं साळूबाईला समजावलं की साखरेनं पायाच्या नसा मेल्यात, म्हणून दुखत नाही. चप्पल घातली नाही तर पुढचा काटा पाय घेऊन जाईल. दवाखान्यातल्या गोळ्या साळूबाईनं मुकाट घेतल्या, पट्टीही बांधून घेतली. चप्पल म्हणताच हसली. "तुजं मशीन रगात बघतं, पोरी. नवस न्हाई बघत."

घरी येऊन आलियानं आजोबांना धारेवर धरलं. "दादा, तुम्हीच जा. जटा लावा, पावडर लावा, नाथाच्या आवाजात सांगा, नवस फिटला. एका मिनिटाचं काम आहे."

"ते मी करणार न्हाई."

"का? सव्वीस वर्षं केलंत की."

"बेटा, पडदा वर जातो तेव्हा बसलेल्याला ठाऊक असतं की हा गनी टेलर हाय. म्हणून ते नाटक. तिच्या दारात जाऊन तेच केलं तर ती फसवणूक."

पण झोप उडाली ती उडालीच. त्या बाईचा पाय जाणार असेल तर तो त्या एका मानेपायी जाणार, हे त्यांना कळत होतं. दुसऱ्या सकाळी ते साळूबाईच्या ओट्यावर जाऊन बसले.

"साळूबाई, एक सांगायचंय. ती राख नव्हती. टूथपावडर होती."

"बरं."

"आन मी मान हलवली ती तुझा नवस पावला म्हणून न्हाई. तू अशी मधीच आलीस, मला माझं वाक्यच आठवंना. काय करावं कळंना म्हणून मान हलवली."

साळूबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय की. वही घिऊन बसलेला भीमा पडद्यामागनं दोनदा तुमचं वाक्य सांगत हुता. मला ऐकू आलं. तुमाला तेवढं न्हाई आलं."

चौतीस वर्षं छातीवर घेतलेला दगड बाईनं खडा काढावा तसा सुपातून काढून टाकला.

"मग कशावर विश्वास ठेवलास तू?"

"तुमच्यावर कुटं ठेवला? सबुद नाथाला दिला. तुमी मधी उभं हुता."

"आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. मागल्या साली मी सोडले. तुझ्या नाथाकडं माफी न्हाई?"

"असंल. पर ती त्यानं सांगावी. शिंप्यानं न्हाई."

एवढं बोलून ती उठली आणि रोजच्यासारखी देवळाकडे निघाली. पट्टी बांधलेला पाय डांबरावर पडला. गनीभाईंनी तो पाहिला, आणि स्वतःच्या चपला ओट्याखाली काढून तिच्यामागे चालू लागले. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. रंगमंचावर कधी कधी पाऊल आपसूक पडतं, तसं ते पडलं.

"गनीभाऊ, चप्पल राहिली."

"राहू दे. मान मी हलवली. निम्मा नवस माझा. तू घालशील त्या दिवशी मी घालीन."

"येड लागलंय का या वयात? तुमच्यात कुटं नवस असत्यात?"

"असत्यात का न्हाई ते मी बघतो. तू चाल."

चार दिवस हे चाललं. सकाळी साळूबाई पुढं, मागं पाय उचलत, तोंड वाकडं करत गनीभाई. पोरं मोबाईलवर फोटो काढू लागली. आलियाचा पारा चढला. "एका पायाला पट्टी बांधत होते, आता तीन पायांना बांधते. दादा, हे काही शास्त्र नाही."

"नाटकबी न्हाई," गनीभाई म्हणाले आणि फोडाला मलम लावून घेतलं.

पाचव्या दिवशी साळूबाई ब्लाउज न्यायला दुकानात आली. गनीभाई मशीन चालवत होते. पायडल दाबलं की दातांतून हवा ओढत होते. ती दारात उभी राहून बघत राहिली.

"लई दुखतं?"

"मग? फोड आलेत. दुखणारच."

"आपुन एकाच रस्त्यानं चाललो."

"एकाच."

"माजं तळवं घट झालेत, म्हनून आसंल." पण हे ती स्वतःशीच बोलली. मग खाली बसली, पट्टी नसलेला उजवा पाय पुढे केला आणि डोळे मिटले. "तुमचा तो खडू घ्या. माज्या पायाला कुटंबी लावा. मी सांगते कुटं लावला ते."

गनीभाईंनी कपड्यावर खुणा करायचा खडू उचलला. तळव्याला टेकवला. मग टाचेला. मग अंगठ्याला, जरा दाबून. पायावर निळ्या रेघा उठल्या.

साळूबाई डोळे मिटून वाट बघत होती. "लावा की."

"लावला, साळूबाई."

"कवा?"

"तीनदा."

तिनं डोळे उघडले आणि निळ्या रेघांकडे बघितलं. ब्लाउज घडी करून ठेवला होता तो तिनं उलगडला, पुन्हा त्याची घडी केली. गनीभाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आत्ता एखादी खोटी जटा असती तर बरं झालं असतं. निदान तोंड लपवता आलं असतं.

"मंजी त्यो दुखू देत न्हाई, आसं न्हाई," ती हळू म्हणाली. "पायच गेलाय."

"गेला न्हाई. जाईल. आलिया म्हणते, जपला तर ऱ्हाईल."

"इथंच बसा. मी येते त्याला सांगून."

ती देवळात गेली. दुकान देवळासमोरच, त्यामुळे तिचा चढलेला आवाज गनीभाईंना ऐकू येत होता, शब्द नाही. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसत.

"काय म्हणाले नाथ?"

"त्यो काय म्हननार? मीच म्हनलं. चौतीस सालं मोजून घे, कमी पडत आसतील तर माज्याकडनं दुसरं कायबी माग. राग आला तर माज्यावर काड, अंगदावर काडायचा न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "चला. कुटं मिळतात चपला?"

अंगदनं टेम्पो काढला आणि तिघं तिसगावला गेले. पहिल्या दुकानात बायकांची एकही चप्पल तिच्या पायात जाईना. चौतीस वर्षं मोकळा राहिलेला पाय पंख्यासारखा पसरला होता. दुसऱ्या दुकानात तेच. शेवटी पुरुषांची नऊ नंबरची, मऊ तळव्याची, मागं पट्टा असलेली बसली. गनीभाईंनी खाली बसून पट्टा लावला. टेलरच्या हाताला माप कळतं. कुठं घासतंय का ते तिला विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचं बोट आत फिरवून पाहिलं.

साळूबाई उठली. पाण्यातून चालावं तसे गुडघे उचलून दोन पावलं टाकली, आणि अंगदचा खांदा धरला.

"जमीन लांब गेली की रं."

"सवय व्हईल, आई."

"व्हईल तवा व्हईल. आदी तुज्या गनीकाकाला चप्पल घिऊन दे. त्याचा पाय भाजतोय."